डबीचा दम

आमच्याकडे गोष्टी सांगणाऱ्यांच्या जिभेला हाड नाही. त्या दिवसाबद्दल वाशीमच्या स्टँडवर कुणालाही विचारा, तो छातीठोक सांगेल की मंगरूळच्या पुढे पदमचंदशेठच्या गाडीची चाकं जमिनीला लागलीच नाहीत. साफ खोटं. चारी चाकं जमिनीवर होती. मी आत बसलो होतो आणि त्या रस्त्यातला एकेक खड्डा माझ्या टाळक्याला ठाऊक आहे. झालं ते झालं तसंच सांगितलं तरी पुरे आहे, त्याला पंख लावायची गरज नाही.

मी भाऊसिंग, मानोऱ्याकडच्या एका तांड्यातला. सुगी सरली की आमची माणसं कामाच्या शोधात बाहेर पडतात. मी धरणाच्या कामावर गेलो आणि माती ओढणाऱ्या अवाढव्य यंत्रांच्या पोटात शिरलो. सात वर्षं तिथे काढली, मग वाशीमला पत्र्याची शेड टाकून मिस्त्री म्हणून बसलो. राग माझ्या नाकावर असतो हे कबूल. पण हातात खोट नाही.

पदमचंदशेठ वाशीमचे कापडाचे व्यापारी. त्यांची थोरली बहीण हीराबाई कामरगावला दिलेली. भादव्यात जैनांचं दशलक्षण आलं की हीराबाई दहा दिवस उपास करायच्या. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. अकराव्या दिवशी पारणं, आणि त्यांच्या घरची रीत अशी, की पारण्याचा पहिला घोट भावाच्या हातून घ्यायचा. तोही सूर्य बुडायच्या आत. सूर्य बुडाला की मग पाण्याचा थेंबसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळीच. इकडे शेठजींच्या मागे बापापासूनचा नेम होता. पारण्याच्याच दिवशी वाशीमच्या देवळाची पालखी निघते, ती परत देवळात येईपर्यंत त्यांनी खांदा सोडायचा नाही. पूर्वी पालखी दोन वाजता परत यायची. मग गाव वाढलं, ओवाळणाऱ्या बाया वाढल्या, आणि ती चारवर गेली. तिथून कामरगाव नव्वद किलोमीटर.

चौऱ्याहत्तर साली शेठजी पोचले तेव्हा सूर्य बुडून पाव तास झाला होता. हीराबाई पाटावर बसून होत्या. भावाला पाहून हसल्या, हात जोडले आणि उठून आत गेल्या. बासष्ट वर्षांची बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या दोघींनी धरून पाटावर आणलं तेव्हा त्यांचे ओठ उघडेनात. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर मला बोलवायची तसदी घेऊ नका.

आता कुणीही म्हणेल, उपास सोडा नाहीतर पालखी सोडा. मीही म्हणालो. शेठजी माझ्यावर ओरडले नाहीत. माझ्या शेडमधल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "भाऊसिंग, नेम मले बदलता येत नाही, सूर्य तुले थांबवता येत नाही. मंग उरली कोन? डबी."

डबी म्हणजे त्यांची गाडी. दोन दारांची, विलायती, शेठजींच्या वडिलांनी कुण्या साहेबाकडून घेतलेली. कापडाचे गठ्ठे टाकता यावेत म्हणून मीच तिची पाठ कापून वर उघडणारं मोठं दार बसवलं होतं. दिसायला मोठी गोजिरी, चालायला गाभण म्हैस. काटा चाळीसच्या वर गेला की तिचं पाणी उकळायचं.

मी वर पाहिलं. शेडच्या खुंटीला तीन वर्षांपासून एक चीज टांगलेली होती. येणारा जाणारा विचारायचा, ही लोखंडाची गोगलगाय काहून टांगली? ती धरणावरच्या एका छोट्या जनरेटरची होती, मी भंगारातून उचललेली. इंजिनाचा धूर आपण बाहेर सोडून देतो ना, तो या गोगलगाईतल्या पात्यांच्या चाकावर सोडायचा. चाक भन्नाट फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतं. हवा जास्त तर जाळ जास्त, जाळ जास्त तर जोर जास्त. साहेबलोक तिला टर्बो म्हणायचे, आम्ही फुंकणी म्हणायचो. चुलीत फुंकणी घातली की कपाशीची ओली पऱ्हाटीसुद्धा पेटते, तसलाच प्रकार.

पुढच्या पावसाळ्याचे दोन महिने मी त्या गाडीखाली आडवा होतो. एवढा जोर डबीच्या इंजिनाला सोसेना, म्हणून तांबटाकडून इंजिनाच्या सांध्यात बसवायला तांब्याचा जाड पत्रा ठोकून घेतला. तो दोनदा फुटला. एकदा माझी डावी भिवई जळाली. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेठजींच्या ड्रायव्हरला, जगदेवला, शेजारी बसवून मंगरूळच्या रस्त्याला गाडी काढली. काटा पन्नासला आला, कानात एक बारीक शीळ घुमली आणि मागून कुणी ढकलावं तशी डबी सुटली. सत्तर. ऐंशी. पंच्याण्णव! जगदेव दोन्ही हातांनी दार धरून ओरडत होता, "अबे थांब, मले लेकरं हायेत!" मी थांबलो नाही. इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

आठ दिवसांनी शेठजी पडलेल्या चेहऱ्यानं शेडमध्ये आले.

"भाऊसिंग, पह्यले चाळीस तरी जात होती. आता तिसावरच धापा टाकून राह्यली."

मी गाडी घेतली, अकोला नाक्यापर्यंत नेऊन आणली. नव्वद! शीळ घालत गेली, शीळ घालत आली. शेठजींना दिली, ते बाजाराला गेले आणि संध्याकाळी पुन्हा तीच रड. मी कार्बोरेटर खोलला, साफ केला, बसवला. माझ्या हातात हरीण. शेठजी बसले की पुन्हा म्हैस. असं तीनदा झालं. गावात चेष्टा सुरू झाली. डबीले शेठजी पसंत नाही, म्हणे. मी जगदेवला शिव्या दिल्या, पेट्रोलला दिल्या, धरणावरच्या साहेबांनाही दिल्या. जगदेव म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हाताखाली शिकलो असतो तं मीई गाड्याच बिघडवल्या असत्या." मी पाना फेकला, तो वाकला म्हणून वाचला.

पारण्याचा दिवस आला आणि फुंकणीचा घोळ तसाच होता. मी ठरवलं, आज आपणच आत बसायचं. काय रोग आहे तो डोळ्यांनी पाहायचा.

पालखी त्या वर्षी साडेचारला देवळात शिरली. सूर्य बुडणार होता सहा-वीसला. शेठजी देवळातून तसेच, पूजेच्या धोतरात आणि खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकून, धावत आले. मी देवळाच्या पायरीवर माझ्या चपला शोधत होतो, तोवर ते गाडीशी पोचून आत बसलेही. जगदेवनं चावी मारली, मी उडी घेतली आणि आम्ही निघालो.

गाव सुटलं. जगदेवनं पाय दाबला. तीस. आणखी दाबला. तीस. इंजिन दम्याच्या म्हाताऱ्यासारखं घरघरत होतं. शीळ नाही, धक्का नाही, काही नाही. मागून एसटी आली, तिनं भोंगा मारला आणि आम्हाला टाकून गेली. कंडक्टर हात हलवत होता. मी दात खाल्ले. शेठजी डाव्या हाताच्या काचेतून सूर्याकडे पाहत होते. दहा किलोमीटर जायला वीस मिनिटं गेली. माझा बांध फुटला.

"थांबव!"

उतरलो, बॉनेट उघडलं आणि पाहतच राहिलो. माझ्या फुंकणीच्या हवा ओढायच्या तोंडावर, त्या दोन बोटं रुंदीच्या तोंडावर, मलमलीचा दुहेरी फडका बांधलेला होता. सुतानं, नीट, घडीवर घडी घालून. चिलटांनी आणि धुळीनं तो काळा झाला होता आणि आत ओढला जाऊन त्याची पार गोळी झाली होती.

"हे कोनं केलं?"

"मी," शेठजी म्हणाले.

"अन् जगदेव, तू पाह्यत होता रोज?"

"मले वाटलं पूजा हाये काही," जगदेव म्हणाला. "आपुन कायले बोला?"

तिथे रस्त्यातच मला शेठजींकडून सगळं कळलं. शेठजी निघताना फडका बांधायचे. थांबले की सोडायचे, झुडपाशी नेऊन हलक्या हातानं झटकायचे, अडकलेलं चिलट न् चिलट उडून जाईपर्यंत उभे राहायचे आणि फडका खिशात घालायचे. त्यांच्या घरी पाणी असंच गाळतात, आणि गाळण्यात राहिलेले जीव परत विहिरीत सोडतात. माझ्याकडे गाडी यायची ती फडक्याशिवाय. मी आठ दिवस जगदेवच्या आईबापाचा उद्धार करत होतो आणि दोष माझा होता. हे यंत्र हवा ओढतं, एवढं मी शेठजींना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ते काय ओढेल, याचा विचार त्यांनी केला आणि मी केला नव्हता.

पण तेव्हा एवढं शहाणपण कुठलं? मी फडका फाडायला हात घातला. शेठजींनी त्यावर आपला पंजा ठेवला.

"शेठजी, सोडा! तिकडे तुमची बहीन पाटावर बसली असन!"

"म्हनूनच सोडत नाही. ती दहा दिवस उपाशी राह्यली ते कायच्यासाठी? अन् मी हजारो जीव ओढून, चिरडून तिच्यापाशी जाऊ? तिले समजलं तं ती घोट घेनार नाही."

"काचेवर आपटून मरतात त्याचं काय मंग?"

"ते होते, माह्या हातात नाही. हे तोंड आपून उघडून ठेवलं, भाऊसिंग. आपून ओढून राह्यलो त्यायले."

या बोलण्याचा मला फार राग आला. सूर्य दोन कासरे वर होता. फडका ठेवला तर पोचत नाही. काढला तर पोचून उपयोग नाही. मी बंपरला लाथ मारली, अंगठा दुखावला आणि एका पायावर नाचत असताना माझी नजर रस्त्याच्या कडेला गेली.

तिथे प्रयागबाई नावाची एक शेतकरीण मुगाच्या शेंगांचं टोपलं डोक्यावर घेऊन उभी होती आणि आमचा तमाशा पाहत होती. नाव मला मागाहून कळलं. तेव्हा मला फक्त टोपलं दिसलं. मोठं, बांबूचं, पोटाशी रुंद.

शेठजींच्या घरी मी पाणी गाळताना पाहिलं होतं. रुंद हंड्याच्या तोंडावर फडका टाकतात आणि घागर उपडी करतात, पाणी भस्सकन उतरतं. तोच फडका तांब्याच्या तोंडाला बांधून बघा, थेंब थेंब गळत बसेल. फडक्याचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा तोंडाचा होता!

"बाई, टोपलं दे!"

"काहून?"

"ऐंशी किलोमीटरवर एक बाई दहा दिवसांची उपाशी बसली हाये. दिवस बुडाच्या आत पोचलो नाही तं मरन."

प्रयागबाईनं मला खालीवर पाहिलं, शेठजींच्या धोतराकडे पाहिलं, शेंगा शेताच्या धुऱ्यावर ओतल्या आणि टोपलं माझ्या अंगावर फेकलं. "घे. पन वापस आनून देजो."

मी शेठजींचा दुपट्टा मागितला. त्यांनी क्षणभर तो छातीशी धरला, मग दिला. दुहेरी पाहिजे, एवढंच म्हणाले. "दुहेरी तं दुहेरी," मी म्हणालो. टोपल्याच्या बुडाला भोक पाडून त्यात रबरी नळी घातली, नळीचं दुसरं टोक फुंकणीच्या तोंडाला आवळलं, सगळ्या टोपल्याला दुपट्टा दुहेरी गुंडाळला आणि जगदेवच्या कमरेचा करदोडा तोडून वरून बांधला. करदोडा तोडताना त्यानं जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. बॉनेट आता बसेना. ते काढून प्रयागबाईच्या हवाली केलं. शेठजींनी जुना फडका मात्र आधी झुडपावर झटकला आणि तेवढा वेळ मी थांबलो.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. ऐंशी किलोमीटर उरले होते.

"जगदेव, मार!"

तीस. चाळीस. पन्नास. आणि शीळ आली. देवाशप्पथ सांगतो, तशी शीळ मी धरणावरही ऐकली नाही. डबी हबकली, सावरली आणि सुटली. छातीवर पांढरं टोपलं बांधलेली, तोंड उघडं पडलेली ती एवढीशी गाडी सत्तरला गेली, नव्वदला गेली. शेठजी मागे गठ्ठ्यांच्या जागेत इकडून तिकडे आपटत होते आणि ओरडत होते, "पाहून! पाहून! कुत्रं!" मंगरूळच्या अलीकडे ती एसटी दिसली. जगदेव भोंग्यावर बसलाच. आम्ही बाजूनं गेलो तेव्हा तो कंडक्टर अर्धा खिडकीबाहेर आला. मी हात हलवला. दोन्ही हात हलवले.

मंगरूळ मागे पडलं. शंभरला काटा लागला तेव्हा जगदेवला लेकरांची आठवण आली नाही. तो गात होता. कारंज्याच्या पुढे मात्र गुरं घरी परतत होती, शंभर-दीडशे शेपट्या रस्ता भरून. जगदेवचा हात भोंग्याकडे गेला तर शेठजी म्हणाले, "नको, बुजतीन." पाच मिनिटं आम्ही त्या गुरांमागून पावलापावलानं गेलो. सूर्य कासराभर होता तो हातभर झाला. शेठजींच्या ओठांवर मंत्र होता आणि डोळ्यांत पाणी. मीही काहीतरी पुटपुटत होतो. ते मंत्र नव्हते.

शेवटची गाय बाजूला झाली. जगदेवनं जो पाय दाबला तो कामरगावच्या वेशीपर्यंत उचलला नाही.

हीराबाईंच्या घराच्या धाब्यावर माणसं चढून मावळतीकडे पाहत उभी होती. "दिसते! अजून दिसते!" असा वरून पुकारा चालला होता. वाफा सोडणारी, उघड्या छातीची डबी अंगणात शिरली आणि कोंबड्या उडाल्या. ओसरीत मावळतीकडे तोंड करून हीराबाई पाटावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, गालांची हाडं वर आलेली, पण पाठ ताठ. शेजारी चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी.

शेठजींनी हात धुतले, वाटी उचलली, चमचा भरला. हीराबाईंनी तोंड उघडलं नाही.

"पदम, इतक्या लौकर कसा आला? वाटेत जीव तं नाही ना मारले?"

सूर्य तळाशी टेकला होता. मला वाटलं, गेलं सगळं, आता यांची पंचायत बसते. पण शेठजींचा आवाज त्या दिवशी जसा ठाम होता तसा मी कधी ऐकला नाही.

"गाडीनं हवा गाळून घेतली, बाई. दुहेरी फडक्यातून. या भाऊसिंगनं टोपलं बांधलं, म्हनून आलो."

हीराबाईंनी तोंड उघडलं. घोट खाली उतरला, त्यांच्या गळ्यापाशी मी तो उतरताना पाहिला. बाया रडायला लागल्या. धाब्यावरून कुणीतरी म्हणालं, "अर्धा हाये अजून!"

मी अंगणातच उभा होतो. माझं काम झालं होतं. हीराबाईंनी बोटानं मला बोलावलं.

"तू कायले बाहीर उभा? ये इकडे. भावाच्या हातून घ्याचं असते."

"बाई, मी तांड्यातला. अन् माह्ये हात पाहा."

"धू नं मंग, लौकर. दिवस थांबत नाही."

कुणीतरी माझ्या हातांवर पाणी ओतलं. दोन महिन्यांचं तेल ते, एका तांब्यानं जातं होय? नखं काळीच राहिली. मी हात मागे घेऊ लागलो तर हीराबाई म्हणाल्या, "तेल हाये ते, पाप नाही. भर चमचा."

शेठजींनी वाटी माझ्या हातात दिली. कार्बोरेटरची सुई बसवावी तसा मी बेतानं चमचा भरला. पण तो त्यांच्या ओठांपासून वीतभर अलीकडेच थांबवला. हीराबाईंनी माझ्या मनगटाला धरून तो जवळ ओढला, घोट घेतला, गिळला आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तोंड उघडलं. मी दुसरा दिला. मग तिसरा.

"बुडाला!" धाब्यावरून आवाज आला.

मी म्हटलं, बुडू दे आता.